पोटभर जेवणाऱ्या पोरीला उपवासाचा वास

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालंय. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमलं नाही आणि आता तर साठी ओलांडली. अक्षर म्हणाल तर ओळ सोडून वर चढतं, मग मध्येच खाली येतं. नातवाच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वहीत लिहितेय. आमच्या गल्लीतलं मंडळ दिवाळीला अंक काढतं. सून म्हणाली, "आत्या, तुमच्या कामाचं काहीतरी लिहा की. शुद्धलेखन मी बघते." मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लिहून तर काढते. द्यायचं की पेटीत ठेवायचं, ते नंतर बघू. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझे कान तापतात. कागदाला तरी तोंड नसतं, म्हणून हे धाडस.

काम म्हणजे स्वयंपाक. कोल्हापुरात मुलींच्या एका तालमीत मी चौदा वर्षं जेवण आणि खुराक करते. मालक, म्हणजे माझे यजमान, गुळाच्या अड्ड्यावर हमाली करायचे. त्यांची कंबर धरली तेव्हा मी कामाला बाहेर पडले. तालमीच्या आधी सहा वर्षं हातकणंगल्याला एका जैन घरात कामाला होते. या दोन चुली सोडून मी दुनिया पाहिलेली नाही. पण या दोन चुलींनी मला जे शिकवलं, त्यानं एका पोरीचा जीव वाचायला हातभार लागला. तेच सांगायचंय.

लोकांना वाटतं, तालमीतला स्वयंपाक म्हणजे नुसतं भरपूर. तसं नाही. कुणाला काय आणि कधी, यात सगळं आहे. पहाटे मेहनत करून पोरी आल्या की थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी दगडी कुंडीत घोटायची, दुधात मिसळायची, खडीसाखर घालायची. दुपारी चपाती, भात, आमटी, उसळ, अंडी. बुधवारी आणि रविवारी मटण. तूप रोज, पण प्रत्येकीला तिच्या मापानं.

माप मला सुरुवातीला कळत नव्हतं. पहिल्याच वर्षी एका पोरीची कुस्ती होती. मी मोठ्या मायेनं सकाळी तिला तुपात थबथबलेला शिरा वाढला. म्हटलं, तुपात ताकद असते, खा पोरी. दोन तासांनी ती मॅटवर उतरली आणि बैलगाडीला जुंपल्यासारखी चालायला लागली. कुस्ती गेली आणि शिराही बाहेर आला. वस्ताद सगळ्यांदेखत ओरडले, "अक्का, कुस्ती मारायची हुती, डोहाळजेवण न्हवतं!"

वस्तादांचा आवाज असाच. मैदानाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाची कुत्री उठतात. माणूस मनानं मोठा, पण ते कळायला वर्षं जातात. त्या दिवशी मी चुलीमागे जाऊन रडले. संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, "तूप वाईट न्हाय ओ. येळ चुकली. तूप सावकाश जळतंय."

सावकाश जळतंय म्हटल्यावर मात्र मला लगेच उमजलं. माझे वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जळण घालायचे. उसाचं वाळलेलं चिपाड टाकलं की भस्सकन जाळ होतो, रसाची काहिली उकळते, पण घटकेत राख. सारखं टाकत राहावं लागतं. बाभळीचा ओंडका मात्र पेटता पेटत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, वारा द्यावा लागतो. एकदा धरला की रात्रभर धुमसतो. साखर, गूळ, भात, चपाती हे सगळं अंगात गेल्यावर चिपाडासारखं. तूप, तेल, अंगावरची चरबी हे ओंडक्यासारखं. वजनाला वजन लावलं तर तुपात साखरेच्या दुपटीहून जास्त उष्णता असते, पण ती घाईला उपयोगी नाही. कुस्तीत श्वास पुरत नाही. तिथं अंगाला चिपाडच लागतं. वस्ताद रविवारी पोरींना जोतिबाचा डोंगर चढायला नेतात. तिथं सावकाश, बोलत बोलत चढणाऱ्या पोरींना ओंडका पुरतो. ज्या पैज लावून पळतात, त्या अर्ध्यात बसून माझ्या पिशवीतला गूळ मागतात.

हे मी माझ्या शब्दांत सांगतेय. पुढं दवाखान्यात डॉक्टर मॅडम भेटल्या तेव्हा मी भीत भीत त्यांना विचारलं, असं म्हटलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "चालेल काय, मीच पेशंटला असं सांगणार."

आता हातकणंगल्याचं. त्या घरातल्या मोठ्या बाईंना सगळे अव्वा म्हणत. शेती मोठी, व्यापार मोठा, पण अव्वांचं नेसणं साधं आणि बोलणं त्याहून साधं. स्वयंपाकघरातलं आतलं काम त्या स्वतः करत. माझ्याकडे दळणं, निवडणं, पाणी गाळून उकळणं. भाद्रपदात त्यांचं पर्व आलं की त्या दहा दिवस उपवास धरायच्या. आपल्यासारखा साबुदाण्याचा नव्हे. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. पहिल्या वर्षी मी घाबरले होते. पहिला-दुसरा दिवस त्यांना जड गेला, डोकं दुखलं, हात थरथरले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या शांत झाल्या. माझ्याहून हलक्या चालायच्या. मी विचारलं, "अव्वा, पोटात काही नाही, मग चालतं कशावर?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "साठवलेलं असतंय गं. देह आपलंच खातोय. म्हणून तर त्याला तप म्हणायचं."

त्या दिवसांत त्यांच्याजवळ पाणी घेऊन गेलं की एक वास यायचा. तोंड न धुतल्याचा वास नव्हे. पिकून उतरत चाललेल्या फळाचा असतो ना, गोडसर, थोडा नाकाला झोंबणारा, तसा. त्या घरात ज्या ज्या बायकांनी मोठा उपवास धरला, त्यांच्या श्वासाला मी तो वास घेतलाय. पारण्याच्या दिवशी मुगाचं पाणी पोटात गेलं की दुसऱ्या दिवशी वास नाहीसा. सहा वर्षांत माझ्या नाकात तो पक्का बसला. अव्वांना विचारलं तर म्हणाल्या, "उपवासाचा वास आहे. चरबी जळत्याय." मी मनात नोंद करून ठेवली. हे ज्ञान कुठं कामाला येणार, असंच तेव्हा वाटलं.

आता सानिकाकडे येते.

सानिका नेसरीकडची. घरी शेती आणि चार म्हशी. सोळाव्या वर्षी वडील तिला तालमीत सोडून गेले. पोरगी अशी हसरी की पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, "सरा मावशी, म्हशीच्या धारंची घागर उचलत्या मी, ह्ये काय!" जेवायला बसली की आधी तूप बोटानं चाखायची. "आमच्या म्हशीचं असतं तर अजून दाणेदार असतं." मी बोलत नाही, वाढते. पण तिच्यासमोर मी हसायला लागले होते.

दुसऱ्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीचा विषय निघाला. सानिका सत्तावन्न किलोची. त्या गटात तगड्या पोरी जास्त. वस्तादांचं म्हणणं, त्रेपन्नच्या गटात उतरली तर हिला कुणी धरू शकणार नाही. चार किलो उतरवायचं. त्यांनी तिला सांगितलं, खाणं जरा आवर, पळणं वाढव.

आणि वजन उतरायला लागलं. नुसतं उतरलं नाही, घसरलं. सकाळी काट्यावर उभी राहिली की वस्ताद मोठ्यानं आकडा म्हणायचे आणि पोरी टाळ्या वाजवायच्या. तीन आठवड्यांत त्रेपन्न झालं, तरी काटा खालीच चालला. वस्ताद इतर पोरींना म्हणायचे, "शिका जरा! तोंडावर ताबा असावा तर असा!"

मी चुलीपाशी ऐकत होते आणि मला काही समजत नव्हतं. कारण तोंडावर ताबा अजिबात नव्हता. सानिका पूर्वी चार चपात्या खायची, ती आता सात खात होती. "मावशी, अजून एक. वस्तादाला सांगू नगा हां." मीही सांगत नव्हते. वाढत्या वयाची पोर, मेहनत करते, खाऊ दे. पाणी तर किती प्यायची! जेवताना दोन तांबे, मधूनमधून येऊन माठाला लागायची. तिच्या खोलीतल्या पोरी चेष्टा करायच्या, "हिला रात्रीत चारदा उठायला लागतंय, आमची झोप मोडत्या." डोळे आत गेले, गाल बसले, जिना चढताना कठड्याला धरायला लागली.

इथं माझी चूक झाली, ती लिहितेच. मला वाटलं, पोर वाळतेय, खुराक कमी पडतोय. मी तिच्या थंडाईत खडीसाखर दुप्पट केली. गुपचूप. वर जाताना हातात गुळाचा खडा द्यायची. माझ्या हातानं, मायेनं, महिनाभर. आजही खडीसाखरेचा डबा उघडताना ते आठवतं.

मग एका सोमवारी संध्याकाळी ती आमटीचं पातेलं उतरवायला माझ्याजवळ आली. वाकली. आणि मला तो वास आला.

क्षणभर मी हातकणंगल्याच्या माजघरात उभी होते. तोच गोडसर, झोंबणारा. मी विचारलं, "सोमवार धरलायस काय गं?"

"न्हाय ओ मावशी. मगाशी सात चपात्या खाल्ल्या की. तुमीच वाढल्या."

मीच वाढल्या होत्या. तेच तर डोक्यात शिरेना. उपवास करणारीच्या तोंडाला उपवासाचा वास येतो, ठीक. पण सात चपात्या, भात आणि दूध खाणारीच्या तोंडाला कसा? चुलवाणात चिपाड खच्चून भरलंय आणि तरी आतून ओंडका जळल्याचा धूर येतोय. मग चिपाडाचं होतंय काय?

मंगळवारी पुन्हा तोच वास, जास्तच. मी ठरवलं, वस्तादांना सांगायचं. थंडाईचे पेले घेऊन मुद्दाम मैदानापर्यंत गेले. वस्ताद चार माणसांत उभे होते. कुणी पत्रकार आला होता वाटतं. ते सानिकाकडे बोट दाखवून सांगत होते, "ही बघा, ही पोरगी यंदा गाजवणार." मी पदर सारखा केला, दोनदा तोंड उघडलं. मग पेले ठेवले आणि मागे फिरले. चौथी शिकलेली बाई, वासावरून काय सांगणार? हसतील, असं वाटलं. एक अख्खा दिवस मी त्या लाजेपायी घालवला. देवाची कृपा की त्याची किंमत याहून मोठी झाली नाही.

बुधवारी सकाळी सानिका मैदानात बसली ती उठेना. मी आवाज ऐकून धावले. तिला उलटी झाली होती, पोट धरून कण्हत होती, आणि श्वास असा घेत होती की मैलभर पळून आल्यासारखा. खोल, जोरजोरात. बसल्या जागी. ओठ कोरडे फुटलेले. वस्ताद तिच्याजवळ वाकले होते.

"काय न्हाय, काय न्हाय. वजन तोडताना असं हुतंय. अक्का, लिंबू-साखर पाणी आणा, दोन पेले. आत नेऊन झोपवा. दुपारपतोर ताजी हुत्या बघा. परवा चाचणी हाय, आत्ता दवाखाना नको, सलाईन लावत्यात आन वजन वाढतंय."

मी पाणी केलं. लिंबू पिळलं, साखर घातली, ढवळलं. पेला घेऊन आले. तिच्या तोंडाशी नेला आणि तिचा श्वास माझ्या तोंडावर आला. अव्वांच्या दहाव्या दिवशीही इतका वास मी घेतला नव्हता.

मी पेला जमिनीवर ओतला.

"अक्का! काय करताय?" वस्ताद ओरडले.

रिकामा पेला मी पदरात धरला. आवाज कुठून आला, माहीत नाही. मी म्हटलं, "वस्ताद, ही पोरगी उपाशी न्हाय. सात-सात चपात्या खात्या. रोज. मी वाढत्या, मला ठावं हाय. आणि तिच्या तोंडाला धा दिवसांच्या उपासाचा वास येतोय. ह्ये बरं न्हवं. दवाखान्यात न्या."

"सात?" त्यांनी सानिकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अक्का, तुमाला कुस्तीतलं काय कळतंय?"

"कुस्तीतलं न्हाय कळत. जेवणातलं कळतंय."

पोरी सराव सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. चौदा वर्षांत पोरींनी माझा एवढा आवाज त्या आधी ऐकला नव्हता, आणि नंतरही फारसा नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "माझी गाडी हाय की भायेर. बोलत काय बसलाय?" ते पावणं होते. त्यांचं नाव मला आजही नीट माहीत नाही. कापडाचे दुकानदार, पोट कमी करायला सकाळी आमच्या मैदानाला फेऱ्या मारायचे. पहिल्या दिवशी वस्तादांनी "पावणं, कुठलं?" असं विचारलं, तेव्हापासून ते सगळ्यांचे पावणं. गंमतीचा माणूस. तुपाचं नाव काढलं की हात जोडायचे, आणि चहात चार चमचे साखर घालून तीन कप प्यायचे. "चरबी तुपानं वाढती वहिनी, साखर काय, विरघळून जाती." वजन तसूभर उतरलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी गाडी अशी हाणली की दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल कधी गेला ते मला कळलंच नाही. मागच्या सीटवर सानिकाचं डोकं माझ्या मांडीवर. ती एकदाच बोलली, "मावशी, चाचणी..." मी म्हटलं, "गप बस."

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "ही काय खात होती?" वस्ताद म्हणाले, "कमी केलं हुतं." मॅडम माझ्याकडे वळल्या. मी सगळं सांगितलं. सात चपात्या, पाणी, रात्रीचं उठणं, खडीसाखर, वास. त्यांनी बोटाला सुई टोचून थेंब मशीनला लावला. मशीनवर आकडाच आला नाही, नुसती अक्षरं आली. मॅडम म्हणाल्या, साखर इतकी आहे की या मशीनला मोजता येत नाही. मग एकदम धावपळ झाली आणि पोरीला आत नेलं.

दुपारनंतर मॅडम बाहेर आल्या आणि बाकावर आमच्याजवळ बसल्या. त्यांनी सांगितलेलं मी जसं समजले तसं लिहिते. खाल्लेल्या अन्नाची साखर होते आणि ती रक्तातून सगळ्या अंगाला जाते. पण अंगात शिरायला तिला एक किल्ली लागते, तिला इन्सुलिन म्हणतात. सानिकाच्या अंगात ती किल्ली तयार होणंच जवळजवळ बंद झालं होतं. तिच्या चुकीमुळे नाही, गुळामुळे नाही, काही जणांना लहान वयात असं होतं. मग काय झालं? कोठार भरलेलं, पण दाराला कुलूप. आतल्या माणसांना वाटतं घरात काही नाही, दुष्काळ पडलाय. म्हणून ती घराचे वासे काढून जाळायला लागतात. वासे म्हणजे अंगावरची चरबी, आणि मांससुद्धा. उपवासातही चरबी जळते, पण तिथं अंगात किल्ली थोडी तरी असते, ती जाळ आवरून धरते. इथं आवरणारं कुणी नाही. धूर इतका होतो की रक्त आंबतं. तो वास त्या धुराचा. आणि जास्तीची साखर लघवीवाटे वाहून जाते, पाणी बरोबर घेऊन. म्हणून तहान.

"त्या साखरपाण्याच्या पेल्यानं मेली असती का?" मी विचारलं. मला ते कळायलाच हवं होतं.

"एका पेल्यानं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण दुपारपर्यंत झोपवून ठेवली असती तर सांगता आलं नसतं."

"आणि माझी खडीसाखर?"

"त्यानं आजार झाला नाही. थोडा आधी उघडा पडला असेल. रडू नका मावशी. तुम्ही वास ओळखलात. बऱ्याच जणांना तो वास येतच नाही."

मग पावण्यांनी घसा साफ केला. "मॅडम, एक विचारू? माणूस बारीक हुतो तवा चरबी जाती कुठं? घामातनं ना?"

मॅडम दमल्या होत्या, तरी हसल्या. "बरीचशी श्वासातून. जळून हवा होते."

पावण्यांनी एकदा पोटाकडे बघितलं आणि एक मोठा श्वास सोडला. वस्तादांनासुद्धा हसू आलं. त्या दिवशीचं पहिलं.

पैशाचं सांगायलाच हवं, कारण ही हकिगत तिथंच संपते. अतिदक्षता विभागात ठेवायचं म्हणून दवाखान्यात आगाऊ पैसे भरायचे होते. वस्तादांच्या आणि पावण्यांच्या खिशात मिळून जे होतं ते भरलं, तरी कमी पडले. सानिकाचे वडील नेसरीहून यायला वेळ होता. माझी भिशी आदल्या आठवड्यात लागली होती, तीस हजार. बोरमाळ करायची होती. लग्नातली बोरमाळ मालकांच्या कंबरेच्या वेळी मोडली होती. मी घरी जाऊन तांदळाच्या डब्यातून पैसे काढले आणि भरले. याचं मला मोठेपण नको. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही एवढंच.

वडील आले ते फेट्यासकट भिंतीला टेकले आणि बसून राहिले. पुढं पैशाचं बोलले तेव्हा मी म्हटलं, आधी तिच्या औषधाचं बघा, इंजेक्शन आता रोजचं आहे. ते ऐकेनात, मीही ऐकलं नाही. आम्ही असे दारात वाद घालत होतो तर आतून कॉटवरून आवाज आला, "आप्पा, त्ये मावशीचं पैसं माझ्या अंगावर. मीच फेडणार. मध्ये कुणी पडायचं न्हाय." हाताला नळी, आवाजात जीव नाही, पण ती असं बोलली की आमचा वाद तिथंच संपला.

चाचणी हुकली. सहा दिवसांनी ती दवाखान्यातून बाहेर पडली. सगळ्यांना वाटलं, कुस्ती संपली. तिनं मॅडमना विचारलं, मॅडम म्हणाल्या, खेळता येईल, पण खाणं, इंजेक्शन आणि मेहनत तिन्ही एका मापात हवं. मग तिनं एक वही केली. बोट टोचायची, आकडा लिहायची, किती चपात्या ते मला विचारून लिहायची.

ती तालमीत परत आली त्या सकाळी वस्तादांनी सगळ्या पोरींना वजनकाट्यापाशी उभं केलं आणि मला चुलीपासून बोलावलं. मला वाटलं, पेला ओतल्याबद्दल आता बोलणी बसणार. ते मात्र जमिनीकडे बघत, त्यांच्या मानानं हळू, म्हणजे नुसतं अर्ध्या मैदानाला ऐकू येईल असं म्हणाले, "अक्का, तुमी बोलत न्हाय म्हणून आमी ऐकत न्हाय, का आमी ऐकत न्हाय म्हणून तुमी बोलत न्हाय, ते काय मला कळंना. पण आजपास्नं काट्याजवळ तुमची खुर्ची."

तेव्हापासून आमच्या तालमीत ही रीत आहे. पोरगी काट्यावर चढली की वस्ताद वजन सांगतात आणि मी तिनं काल काय खाल्लं ते सांगते. दोन्ही जुळलं तर ठीक. खाणं वाढलंय आणि वजन उतरतंय, असं दिसलं की सरळ दवाखाना. नव्या पोरी हसतात. हसू देत. खुर्चीवर बसायची मला अजून लाज वाटते, मी तिच्या काठावरच बसते.

पुढं एकदा उलटंही झालं. सराव जास्त झाला आणि सानिका घामाघूम होऊन थरथरायला लागली, बोलणं अडखळलं. या वेळी साखर कमी पडली होती. मी पळत जाऊन तीच खडीसाखर आणली, पाण्यात विरघळवून पाजली. पाच-दहा मिनिटांत पोरगी डोळे मिचकावून म्हणाली, "मावशी, ह्या खेपंला वतलं न्हाय व्हय?" साखर तीच, डबा तोच. घाईच्या वेळी तिथं तुपाचा काही उपयोग नव्हता. चिपाडच हवं होतं.

तिनं नंतर दोन वर्षं कुस्ती केली. मोठं नाव झालं नाही, पण जत्रांच्या मैदानात बक्षिसं आणली. प्रत्येक बक्षिसानंतर माझ्या चुलीपाशी पाचशे, कधी हजार ठेवायची. मी नको म्हटलं की तोंड फिरवायची. मला हिशेब लिहिता येतो, पण मी लिहिला नाही. तिनं लिहिला, त्याच साखरेच्या वहीच्या शेवटच्या पानावर. मग ती शिकली, एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. पगारातून पैसे येत राहिले. मध्ये काही महिने आले नाहीत, तेव्हा माझ्या मनात पैसे नव्हते. बरी आहे ना, एवढंच यायचं.

गेल्या श्रावणात ती आली. अंगानं भरलेली, चेहऱ्यावर तेज. आल्याआल्या पाचशेच्या चार नोटा पाटावर ठेवल्या. "मावशी, शेवटचं. मोजा."

"राहू दे गं. चारच तर आहेत."

"मोजा म्हणतीया न्हवं!"

मी मोजल्या. मग ती जेवायला बसली. बोट टोचलं, आकडा बघितला, पोटाला इंजेक्शन घेतलं, जसं आपण हात धुतो तितक्या सहज. दोन भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. भाकरीवर तूप घेताना बोटानं चाखलं आणि म्हणाली, "अजून पण आमच्या म्हशीचं जास्त दाणेदार हाय." तिसरी भाकरी मी पुढं केली, तर हात आडवा धरला. "माप झालं."

जाताना ती पायाशी वाकली. उठवताना तिचं तोंड माझ्या जवळ आलं आणि सवयीनं मी श्वास आत ओढला. लसणाच्या चटणीचा वास आला. नुसता लसणाचा.

मग मी नोटा पदराच्या गाठीला बांधल्या. तीस हजार पुरे झाले.